दगाभाऊचा फडका

तर हातात फडका घेऊन दगा शाळेच्या दारात उभा राहिला, इथवर काल सांगून झालं. आत जाऊन बेनला, म्हणजे शाळेतल्या बाईंना, चार शब्द सुनवायचे असं तो घरून ठरवून निघाला होता. पण दारात आल्यावर चपला कुठे काढायच्या, इथेच त्याचं अडलं. भिंतीशी पोरांच्या इवल्या चपला ओळीनं मांडलेल्या. त्या ओळीत याच्या टायरच्या वहाणा ठेवायच्या म्हणजे कोंबडीच्या पिलांत रेडा बांधायचा. शेवटी त्यानं त्या काढल्या, एकावर एक घातल्या आणि काखेत धरल्या. एका हातात फडका, काखेत वहाणा, डोक्यावर टोपी, आणि चौथीतली चाळीस पोरं मान वळवून त्याच्याकडे बघतायत. भांडायला आलेल्या माणसाची एवढी पंचाईत कुणाची झाली नसेल.

काल जे बसायला नव्हते त्यांना आधी दगा कोण ते सांगायला हवं, नाहीतर फडक्याचं काय एवढं, असं त्यांना वाटायचं.

दगा पारोळ्याकडचा. आधीची दोन भावंडं वाचली नाहीत, म्हणून कुणाची नजर जाऊ नये असं ओबडधोबड नाव आईनं ठेवलं. गावात मारुतीच्या ओट्यावर शाळा भरायची, तिथे तो दोन इयत्ता शिकला. त्या दोन इयत्तांतली एक गोष्ट तो पन्नाशी उलटली तरी सांगायचा. तपासणीला दिपोटी आले होते. दिपोटी म्हणजे शिक्षणखात्याचे साहेब, बैलगाडीतून यायचे. त्यांनी विचारलं, "पाण्याला रंग कोणता?" मास्तरांनी पोरांकडून उत्तर आठ दिवस घोकून घेतलेलं. पण दगा पुढे बसलेला. तो म्हणाला, "आमच्या विहिरीच्या का तुमच्या गावच्या?" दिपोटींनी खूश होऊन त्याला पाटीची कोरी पेन्सिल बक्षीस दिली, आणि त्यांची गाडी वेशीबाहेर गेल्यावर मास्तरांनी दोन छड्या दिल्या. दगा दोन्ही गोष्टी सारख्याच अभिमानानं सांगायचा. पुढल्या वर्षी त्याला शेळ्यांमागे लावला आणि शाळा तिथेच सुटली. अक्षरं मात्र राहिली, एकेक जोडून वाचता येण्याइतकी.

सत्तरच्या आसपास तो बायकोला, सोनाबाईला, आणि चार वर्षांच्या पोराला घेऊन भुसावळकडून येणाऱ्या पॅसेंजरनं सुरतेजवळ उधन्याला उतरला. तेव्हापासून लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात. आता लूमच्या कारखान्यात काय असतं, तर आवाज. साठ लूम एकदम खडखडत असले की शेजारचा माणूस ओरडून मेला तरी ऐकू यायचं नाही. म्हणून तिथे माणसं हातांनी बोलतात. अंगठा ओठाला लावला की चहा. कपाळावर बोट आडवं फिरवलं की सेठ आला. कानाची पाळी ओढली की धागा तुटलाय, तिकडे बघ. दगाला ही भाषा इतकी अंगवळणी पडली की घरीही तो भाकरी हातानंच मागायचा. सोनाबाई तोंड फिरवून बसायची, म्हणजे हात दिसायला नकोत. मग त्याला झक मारत तोंड उघडावं लागायचं.

पण कापडातलं त्याला जेवढं कळायचं तेवढं सेठलाही कळत नसे. धागे मोजायची एक भिंगाची काच असते, मिटून ठेवायची, डबीएवढी. ती त्याच्या सदऱ्याच्या खिशात कायम. ठेवली कापडावर, वाकला, की सांगणार: इंचाला इतके उभे, इतके आडवे, आणि हा तार नवीन गठ्ठ्यातला आहे. सेठ त्याला "दगाभाई, तमे कहो ते खरुं" म्हणायचा. तुम्ही म्हणाल ते खरं. हेच वाक्य हळूहळू कोसाडच्या वसाहतीतही चालू झालं. तिथे दगाचं घर होतं. शंभरेक घरं, कुणी खानदेशचं, कुणी वऱ्हाडातलं, कुणी मराठवाड्यातलं. लग्न जमवायचं असो, नाहीतर नव्या घराचं दार कुठल्या दिशेला करायचं असो, लोक म्हणायचे, दगाभाऊला विचारा. दोन इयत्ता शिकलेल्या, गावात शेतीचा तुकडाही नसलेल्या माणसाला एवढा मान मिळतो म्हणजे काय, ते ज्याला मिळत नाही त्यालाच कळेल. दगानं आयुष्यात कमावलं ते एवढंच, आणि ते त्याला पुरेसं होतं.

आता फडका.

प्लेगच्या साली, चौऱ्याण्णवला, सुरत रिकामी झाली, तसा दगाही बायकापोरांसकट गावी गेला आणि महिन्यानं परतला. परत आलेला कसबी माणूस बघून सेठला इतका आनंद झाला की दिवाळीत त्यानं विचारलं, मिठाई सोडून काय पाहिजे ते माग. त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय, स्वच्छता. दगा म्हणाला, विणीत खोट आलेला एखादा तागा द्या. सेठनं एक सोडून तीन दिले. पॉलिएस्टरचं कापड, दुधासारखं पांढरं, हातातून घसरणारं. सोनाबाईनं त्याचे हातभर तुकडे केले, कडा दुमडून शिवल्या, आणि दगानं घरोघर जाऊन वाटले, पाणी गाळायला.

वसाहतीत पाणी डंकीचं. डंकी म्हणजे आपला हातपंप. तिला तांबूस गढूळ पाणी यायचं, मागे खाडी आहे तिचाच तो प्रताप. गावाकडे सगळ्यांच्या घरी जुन्या धोतराच्या फडक्यानं पाणी गाळायची रीत. पण सुती फडका दोन दिवसांत पिवळा पडतो, मग तो घासा, वाळवा, पुन्हा घासा. दगाचा फडका महिनाभर वापरला तरी पहिल्या दिवसासारखा. पाणीही त्यातून झरझर उतरायचं. बायकांना तर सोन्याची नथ मिळाल्यासारखं झालं. अमरावतीकडच्या उषाबाई, ज्यांचा मुलगा इच्छापोरला कंपनीत कंत्राटावर जायचा, त्या डंकीवर उभ्या राहून फडका झटकून दाखवायच्या. "पाहा बरं, डाग हाय का एक तरी? असं सोच्छ पाणी माह्या माहेरीबी नव्हतं."

एकाच घरात तो फडका गेला नाही. बाजीराव गवंड्याच्या. बाजीराव बीडकडचा. त्यानं डंकीभोवती फुकटात सिमेंटचा ओटा बांधून दिला होता, आणि दगानं चारचौघांत म्हटलं होतं की याचा उतार उलटा झालाय. उतार खरंच उलटा होता, पण म्हणून ते बोलायचं का? तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. फडका घेऊन सोनाबाई गेली तेव्हा बाजीराव म्हणाला, "माझं धोतर काय मेलंय का, वहिनी? त्या माणसाच्या फडक्यातलं पाणी माझ्या घशाखाली उतरायचं नाही."

पुढल्या वर्षी वसाहतीत लेकरांची पोटं बिघडायला लागली. दर चार घरांमागे एक लेकरू पडलेलं. पालिकेच्या आरोग्यवाल्या बाई औषधाच्या बाटल्या देऊन गेल्या, पाण्यात थेंब टाका म्हणाल्या. थेंबांना वास येतो म्हणून त्या बाटल्या फळीवर गेल्या. पाण्याला दोष द्यायला कुणीच तयार नव्हतं. बोरं खाल्ली असतील, बर्फाचा गोळा खाल्ला असेल, उसाचा रस प्यायला असेल. पाणी कसं असेल? ते तर दगाभाऊच्या फडक्यातून येतंय.

आणि मग, शहाण्णवच्या संक्रांतीनंतर, जागृतीबेननं तो धडा घेतला.

जागृती तायडे तिशीची, वडील अकोल्याकडून उधन्याला रेल्वेत आलेले. शाळा मराठी, पण सुरतेत राहून पोरं बाईंना बेनच म्हणायची. तिला धडा नुसता वाचून दाखवायचा कंटाळा. गावाचं पाणी असा धडा आला तर ती म्हणाली, उद्या घरून पाणी गाळायचं फडकं आणा. पोरांनी आणली. तिनं खाडीकडची माती बादलीत कालवली, एकेक फडकं काचेच्या ग्लासावर बांधून तेच पाणी सगळ्यांतून ओतलं, आणि ग्लास मधल्या सुट्टीपर्यंत न हलवता ठेवले. सुट्टी झाली तेव्हा सगळ्या ग्लासांच्या तळाशी बोटभर गाळ. फडकी पांढरीशुभ्र. एक ग्लास तेवढा जवळजवळ नितळ, आणि त्याच्यावरचं फडकं चिखलानं माखलेलं. ते बाजीरावच्या नातवाचं होतं.

दगाची नात शीतल त्याच वर्गात. तिनं घरी येऊन सगळं सांगितलं. पोरगी घाईत असली की गुजरातीत शिरायची. "आबा, आपणा कपडामांथी तो बधुं नीकळी जाय छे." आपल्या कापडातून तर सगळं निघून जातं. दगाला तेवढंसं लागलं नाही. लागलं ते पुढचं, की बाजीरावचं धोतर पहिलं आलं.

म्हणून तो फडका घेऊन निघाला आणि दारात वहाणा काखेत धरून उभा राहिला. इथे आलो आपण.

"या काका," जागृतीबेन म्हणाली. "शीतलचे आबा ना? बसा."

"बसायला नाही आलो बेन. तुम्ही काल माझ्या फडक्याला नापास केलं म्हणतात."

पोरं खुसखुसली. बेन हसली नाही. तिनं शेवटच्या बस्कराकडे हात केला. "मी सांगून तुम्हाला पटायचं नाही. परत करून दाखवते. तुम्हीच बघा काय होतं ते."

दगा बसला. मांडी घालून, वहाणा मांडीवर. पंचेचाळीस वर्षांनी तो शाळेच्या जमिनीवर बसत होता. बेननं बादलीत माती कालवली. एका ग्लासावर दगाचा फडका बांधला, एकावर धोतराचा तुकडा, दोन्ही आठ पदरी करून. पाणी ओतलं. फडक्यातून ते सर्रकन उतरलं. धोतरातून थेंब थेंब. ग्लासात तळाशी काय बसतंय ते बघायला पोरं दाटीनं वाकली, पण दगा ग्लासाकडे बघतच नव्हता. तो उठला, पुढे आला, दोन्ही कापडं सोडून घेतली आणि खिडकीच्या उजेडात गेला. खिशातून काच काढली. आधी एकावर ठेवली, मग दुसऱ्यावर. मग परत पहिल्यावर. वाकून इतका वेळ बघत राहिला की एका पोरानं विचारलं, "बेन, हे झोपले का?"

"या इकडे," दगा म्हणाला. "एकेकानं या. ढकलाढकली नको, काच एकच आहे."

आणि मग त्या माणसाला जे बोलणं फुटलं ते फुटलंच. "हा बघ, हा पॉलिएस्टरचा तार. कसा दिसतो? गुळगुळीत. मासे धरायच्या गळाचा तंगूस असतो ना, तसा. याला पाणी लागलं तरी हा फुगत नाही. दोन तारांमधलं भोक कोरडं असताना जेवढं, तेवढंच ओलं झाल्यावर. गाळाला सरळ वाट. आता हे सूत बघ. दिसते का लव? कापसाचे बारीक बारीक केस पिळून एक धागा होतो, त्यातले काही बाहेर उभेच राहतात. सूत पाणी पिऊन फुगतं. भोकं आवळतात. त्यात ही लव आडवी. अशा आठ घड्या. आता सांग, माती जाईल कुठून?"

"म्हणून सुती कापड मळतं," एक पोरगी म्हणाली.

"म्हणून मळतं. गाळ धरतं म्हणून मळतं. आणि हे जे मळत नाही," दगानं स्वतःचा फडका वर धरला, "ते का मळत नाही? कारण ते काही धरतच नाही."

एक अख्खा तास गेला. पोरं रांग लावून काचेतून बघत होती, बघून झालं की रांगेत मागे जाऊन पुन्हा उभी राहत होती. दगा स्वतःच्या टोपीचा दोरा, बेनच्या पदराची कड, शीतलच्या रिबिनीचा तुकडा, जे हाताला येईल ते काचेखाली धरत होता. कशाला आलो होतो हे तो साफ विसरला होता. जागृतीबेन मागे उभी राहून वहीत लिहून घेत होती. ती म्हणाली, "काका, हे गाळत नाही एवढंच मला दिसलं होतं. का गाळत नाही ते आज तुमच्याकडून शिकले."

तेव्हा शीतलनं विचारलं. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, गणित सुटल्यावर उत्तर विचारावं तसं विचारलं. "मग आबा, दीड वर्ष आपण सगळ्यांना चुकीचाच फडका दिला ना?"

दगानं काच मिटून खिशात ठेवली. हा प्रश्न बेननं विचारला असता तर तो भांडला असता. पण आत्ताच तासभर ज्यानं सगळं समजावून सांगितलं होतं तो तोच होता. आता भांडायचं कुणाशी?

तो निघाला. बेन दारापर्यंत मागे आली. "काका, उन्हाळा आला की डंकीचं पाणी अजून खाली जाईल, खाडीचं पाणी जास्त मिसळेल. मी घरोघर फिरून सांगितलं तर लोक म्हणतील बेन पुस्तकातलं बोलते. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

"आता सांगितलं तर ऐकतील, बेन. पण मीच चुकलो असं एकदा सांगितल्यावर पुढे माझं कोण ऐकणार?"

"ते मला नाही सांगता येणार," ती म्हणाली. खोटा धीर द्यायची तिला सवय नव्हती.

कोपऱ्यावर पानाच्या गादीपर्यंत तो वहाणा काखेत धरूनच अनवाणी चालत गेला. गादीवाल्यानं विचारलं, वहाणा चोरून आणल्या का, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं.

दोन दिवस त्यानं घरात शब्द काढला नाही. जेवायला हातानं मागितलं, पाणी हातानं मागितलं. तिसऱ्या दिवशी सोनाबाईनं ताट सरकवलं आणि समोरच बसली. "दोन दिन व्हयनात, तोंडले कुलूप लायेल शे का? हात नको हालाडू. तोंडघाई बोल."

दगा म्हणाला, ज्या वसाहतीत लोक मला विचारून पोरी देतात, तिथे दारोदार जाऊन सांगू का, की मी तुमच्या लेकरांना गढूळ पाणी पाजलं? सोनाबाईनं भाकरी मोडून त्याच्या ताटात टाकली. मग म्हणाली, कडा तर मीच शिवल्या होत्या, पाजलं ते दोघांनी मिळून. तू काय ते ठरव. एवढं बोलून ती उठली आणि धोतराचं एक जुनं फडकं काढून माठाच्या तोंडाला बांधलं. आपल्या घरातला दगाचा फडका तिनं दोन दिवसांपूर्वीच काढला होता. त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

ठरलं ते दुसऱ्या दिवशी डंकीवर. दगाची पाळी सुटून तो घरी येत होता. रांगेत कुणीतरी बाई म्हणत होती की पाण्याचंच काहीतरी आहे, उषाबाईंचा नातू तिसऱ्यांदा पडला, आता दवाखान्यात सलाईन लावलंय. उषाबाई स्वतः रांगेत होत्या. दवाखान्यात न्यायला पाणी भरायला आलेल्या, डोळे रडून सुजलेले. पण त्या वळल्या आणि म्हणाल्या, "पान्याचं नाव नका काढू. माह्या घरी दगाभाऊचा फडका हाय. पानी खराब असतं तं फडक्यावर दिसलं नसतं का?"

दगा तिथेच थांबला. कुणी शिवी दिली असती तर त्यानं ऐकून घेतली असती. हे त्याच्यानं ऐकवेना. तो पुढे गेला आणि उषाबाईंच्या हातातली घागर धरली. "हे नका नेऊ. दवाखान्यातलंच पाणी पाजा. उकळून देतात ते." त्या गोंधळल्या, पण दगाभाऊ म्हणतात म्हटल्यावर त्यांनी घागर खाली ठेवली.

येत्या रविवारी घरोघरचे फडके बदलून द्यायचे असं त्यानं ठरवलं. आधी सुती कापड जमवायला पाहिजे होतं, आणि तिथे एक गंमत झाली. सगळ्या देशाला साड्या पुरवणारी सुरत, पण वसाहतीत घरोघर शोधलं तरी सुती कापड निघेना. सगळं पॉलिएस्टर. शेवटी गावाकडून आलेल्या म्हाताऱ्यांची लुगडी, बोचकी बांधलेली धोतरं, सोनाबाईची ठेवणीतली दोन पातळं, असं निघालं. पोरांनी शाळेत बसून आठ घड्यांची फडकी केली. कडा पोरांनीच घातल्या, त्यामुळे एकही सरळ नव्हती.

रविवारी सकाळी दगा गाठोडं घेऊन निघाला तर दारात बाजीराव.

"म्या येतो संगं," तो म्हणाला.

"हसायला?"

"हसायचं तर घरी बसून बी हसता येतंय, दगाजी. एकटे गेलात तर चार घरं करून माघारी याल. माझं धोतर जिंकलंय, त्याची मिरवणूक नको का?" मग जरा थांबून, दुसरीकडे बघत: "त्या ओट्याचा उतार मी गेल्या महिन्यात तोडून नीट केला. कुणी बघितलं बी नाही."

"बघितला मी," दगा म्हणाला. "चांगला झालाय."

असे दोघे फिरले. प्रत्येक दारात दगा आधी वहाणा काढायचा आणि मग तेच बोलायचा. मी दिलेला फडका चुकीचा होता, तो द्या, हा घ्या. हा मळेल. मळला तर समजा काम करतोय. रोज धुवा, उन्हात वाळवा. नाही मळला तर मला बोलवा. आणि फळीवरची ती बाटली काढा, तिच्यावर लिहिलेत तेवढे थेंब टाका, वाचता येत नसेल तर चौथीतलं कुठलंही पोर वाचून देईल. कुणी हसलं. कुणी म्हणालं, एवढा छान फडका परत कशाला, राहू द्या. एका घरात तो पाळण्यावर माशा बसू नयेत म्हणून टाकला होता, दगा म्हणाला तिथेच असू दे, तिथे तो पास आहे. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "दगाभाऊ, मग जावयाचं स्थळ तुम्ही सांगितलं होतं, तेही परत करू का?" सगळा बोळ हसला आणि दगालाही हसू आलं. आठ दिवसांत डंकीवर पिवळी पडलेली फडकी वाळताना दिसू लागली आणि बायका एकमेकींना आपापली घाण दाखवू लागल्या. पुढे त्या शाळेत चौथीचं वर्ष आलं की दगाला काच घेऊन बोलावणं यायचं, तो पाळी बदलून जायचा.

पण शेवटचं घर सांगायचं राहिलं. ते उषाबाईंचं.

दगानं ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. नातू त्याच दिवशी दवाखान्यातून घरी आला होता, आत खाटेवर झोपलेला, हाताला पट्टी. दुपार टळत आलेली. बाजीराव बोळाच्या तोंडाशी थांबला, इथे मिरवणूक नको हे त्यालाही कळलं. दगानं दारात उभं राहून सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. उषाबाईंनी त्याला आत या म्हटलं नाही. त्या उंबऱ्यावर बसल्या, फडका मांडीवर घेतला आणि कितीतरी वेळ त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. दगा उन्हात उभा. पाय भाजत होते, तरी हलला नाही.

"दीड साल मी लोकाइले सांगत फिरली," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "दगाभाऊचा फडका हाय, भेव नाही. डाक्टरलेबी हेच सांगतलं. तो मले इचारे पान्याचं, मी म्हनो, पानी पाहूच नका. तीनदा पोरगं मरता मरता वाचलं."

"होय," दगा म्हणाला.

"तुमाले कापडातलं एवढं समजते. मंग हे काहून नाही समजलं?"

"समजत होतं. कापडाचं कापडापाशी ठेवलं, पाण्यापाशी आणलंच नाही. ते आणायला पोरांनी शिकवलं."

उषाबाईंनी पांढरा फडका त्याच्या हातात दिला आणि वेड्यावाकड्या कडेचं सुती फडकं घेतलं. उलटंसुलटं करून बघितलं. मग मान वर करून त्यांनी विचारलं, "आज म्हनता थो खोटा, हा खरा. अन् उद्या तुमच्या बेननं शिकवलं का हाबी खोटा, तं मंग काय करसान?"

दगा म्हणाला, "मग उद्याही येईन, उषाबाई. अशाच वहाणा काढून दारात उभा राहीन आणि चुकलो म्हणून सांगेन. फक्त त्या दिवशी मला सावलीत उभं करा, आता कुठे माझं शिकायचं वय झालंय."